घराचं काम काढलंय, लॅनची आखणी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन मजली घर, तीन बेडरूम, हॉल आणि एक कामाची खोली. भिंती फोडून सगळं वायरिंग नव्यानं करायचं आहे. वायफाय वरच्या मजल्यावर नीट पोचत नाही. तर लॅनची, म्हणजे घरातल्या नेटवर्कची, केबल कोणती घ्यावी, कुठे किती टाकाव्यात, आणि इलेक्ट्रिशियनला नेमकं काय सांगावं?

सगळे केबलपासून सुरुवात करतात, पण सुरुवात पाइपपासून करायला हवी. केबल आज चुकली तर पाच वर्षांनी बदलता येते. पाइप चुकला, की पुन्हा भिंत फोडावी लागते. म्हणून कामाचे दोन भाग करा. प्लास्टरनंतर ज्याला हात लावता येणार नाही, ते सगळं आत्ता, वेळ घेऊन ठरवा: पाइपांचे मार्ग, भिंतीतल्या बॉक्सच्या जागा, आणि नेटवर्कची उपकरणं एकत्र ठेवायच्या कपाटाची जागा. स्विच (अनेक लॅन केबल एकत्र जोडणारा डबा, विजेचं बटण नव्हे), राउटर, ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारं उपकरण) यांची खरेदी घरात राहायला गेल्यावर केली तरी काही बिघडत नाही.

सगळ्या केबल एका ठिकाणी

विजेच्या वायरिंगची सवय असलेला माणूस एका सॉकेटमधून दुसऱ्या सॉकेटला लूप देतो. लॅनमध्ये हे चालत नाही. प्रत्येक पॉइंटपासून निघालेली केबल मध्ये कुठेही न तुटता, न जोडता थेट एका ठिकाणी, कपाटापर्यंत आली पाहिजे. हे वाक्य इलेक्ट्रिशियनला कामाच्या पहिल्या दिवशी सांगा आणि नकाशावरही लिहून द्या. खोल्यांना लूप दिलेलं घर नंतर सुधारता येत नाही, कारण पाइपच तसे गेलेले असतात.

कपाटाची जागा निवडताना तीन गोष्टी बघा. इंटरनेटची फायबर बाहेरून जिथून येणार तिथून सोयीचा मार्ग असावा. आजूबाजूला पाणी नसावं, म्हणजे वर टाकी नको, पाठीमागे बाथरूमची भिंत नको. आणि हवा खेळती हवी. घरगुती वापराचे बरेचसे स्विच ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्याच वातावरणासाठी बनवलेले असतात. बंद लाकडी कपाटात, वर कपड्यांच्या पेट्या आणि शेजारी इन्व्हर्टर अशा जागी ते तापतात आणि उन्हाळ्याच्या दुपारी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागतात. जिन्याखालची कोरडी जागा, पॅसेजमधला उंचावरचा कोपरा किंवा कामाच्या खोलीतली भिंत चालते. ९ यू (यू हे रॅकच्या उंचीचं माप, साधारण ४४ मिमी) उंचीचं, भिंतीवर लावायचं रॅक घेतलं, तर पॅच पॅनेल (खोल्यांतून आलेल्या केबल जिथे संपतात ती सॉकेटची पट्टी), स्विच, राउटरचा शेल्फ आणि कॅमेऱ्याचा रेकॉर्डर आत बसून थोडी जागा उरते. रॅकची खोली (पुढून मागचं अंतर) किमान ४५० मिमी हवी, नाहीतर पीओईचा (लॅन केबलमधूनच उपकरणाला वीज देणारा) स्विच मागच्या भिंतीला टेकतो आणि दार लागत नाही.

कपाटात विजेचे सहा सॉकेट आणि डीबीतून (विजेच्या वाटप-पेटीतून) स्वतंत्र एमसीबी घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर ही लाइन इन्व्हर्टरवर घ्या. वीज गेल्यावर इंटरनेट, कॅमेरे आणि दाराची बेल सगळं एका ठिकाणाहून चालू राहतं, हा या रचनेचा मोठा फायदा आहे.

एक चूक फार घरांत दिसते: वायफायचा राउटर लोखंडी कपाटात ठेवून दार लावलेलं असतं. लोखंडाच्या पेटीतून लहरी बाहेर पडत नाहीत. कपाटात राउटर ठेवा, पण त्याचं वायफाय बंद करा आणि वायफायचं काम छतावरच्या ॲक्सेस पॉइंटांना द्या. इंटरनेट कंपनीचा फायबर बॉक्स हॉलमध्येच बसणार असेल, तर तिथून कपाटापर्यंत दोन केबल टाका. एक इंटरनेट कपाटात आणायला, दुसरी हॉलमधल्या उपकरणाला परत नेटवर्क द्यायला. शिवाय घराच्या बाहेरच्या भिंतीपासून कपाटापर्यंत एक २५ मिमीचा पाइप निव्वळ फायबरसाठी मोकळा ठेवा. नंतर फायबरवाला येतो तेव्हा तो खिडकीच्या चौकटीला भोक पाडून, रंगवलेल्या भिंतीवरून खिळे ठोकत केबल आणतो. मोकळा पाइप असेल तर तीच केबल तो दहा मिनिटांत आतून ओढतो. या पाइपात कोपरे नकोत, सैल बेंड हवेत.

कुठे किती

वर दिलेल्या घराचा हिशोब करू. टीव्हीमागे २. कामाच्या खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींवर २-२, म्हणजे ४, कारण टेबल कुठे जाईल हे कोणालाच ठाऊक नसतं. तीन बेडरूमना २-२, म्हणजे ६. छतावर ॲक्सेस पॉइंटसाठी ३, खाली एक आणि वर दोन. बाहेरच्या चार कोपऱ्यांवर कॅमेऱ्यांसाठी ४. दाराच्या बेलला १. गच्चीवर १, सोलर इन्व्हर्टर किंवा पुढे काही लागलं तर. एकूण २१. म्हणजे २४ पोर्टचं पॅच पॅनेल, तीन जागा शिल्लक.

एका बॉक्सला एकच केबल टाकून थांबू नका. खाच पाडणं, पाइप टाकणं, केबल ओढणं यातली मेहनत एका केबलला लागते तेवढीच दोन केबलना लागते. शिवाय एक केबल काही कारणानं बंद पडली तर खोली अंधारात जात नाही.

टीव्हीच्या पॉइंटबद्दल दोन शब्द जास्त, कारण इथे हमखास फसगत होते. बॉक्स टीव्हीच्या बरोबर मधोमध घेतला, की भिंतीवरचा ब्रॅकेट त्याच्यावर येतो. बॉक्सची जागा टीव्हीच्या चौकटीच्या आत, पण ब्रॅकेटच्या बाजूला घ्या. प्लग भिंतीतून सरळ बाहेर येतो आणि मग केबल वळते, त्याला ५ ते ६ सेंमी जागा लागते. चपटा ब्रॅकेट टीव्ही भिंतीपासून २-३ सेंमीवरच धरतो, म्हणून इथे भिंतीत आत बसणारा खोल बॉक्स वापरा. टीव्हीपासून त्याच्याच खालच्या टीव्ही-कपाटापर्यंत ५० मिमीचा सरळ पाइप टाका. एचडीएमआयचं डोकं २५ मिमीच्या पाइपच्या वळणात अडकतं आणि घरी ते कापून पुन्हा बसवता येत नाही. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, तरीही टीव्ही केबलवरच ठेवा. तेवढंच वायफाय मोबाइल-लॅपटॉपसाठी मोकळं राहतं.

ॲक्सेस पॉइंट हे या सगळ्या कामाचं खरं फळ आहे. वायफाय वर पोचत नाही यामागचं कारण बहुतेक वेळा मधला काँक्रीटचा स्लॅब असतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी विटांच्या एक-दोन भिंती ओलांडेपर्यंत थकतात, ६ गिगाहर्ट्झच्या त्याहूनही लवकर. सळया असलेला स्लॅब, लोखंडी जाळी, मोठे आरसे आणि पाण्याच्या टाक्या त्यांना आणखी अडवतात. राउटर कितीही महाग घेतला तरी यात फार फरक पडत नाही, कारण मोबाइललाही उलट दिशेनं राउटरपर्यंत पोचायचं असतं आणि त्याचा आवाज लहान असतो. उपाय एकच: प्रत्येक मजल्यावर, माणसं जिथे बसतात तिथे, छतावर ॲक्सेस पॉइंट आणि त्याला थेट केबल. वायरलेस मेश (एकमेकांना हवेतून जोडलेली वायफाय उपकरणं) त्याच हवेतून स्वतःचाही संवाद करतं, त्यामुळे वेग वाटला जातो. तीच मेशची उपकरणं केबलनं जोडली तर ती उत्तम चालतात. गोल, चपट्या ॲक्सेस पॉइंटचा सिग्नल छत्रीसारखा खाली पसरतो, म्हणून तो पॅसेजच्या टोकाला भिंतीवर उभा लावू नका. खोल्यांच्या मधोमध छताला लावा. फॉल्स सीलिंगच्या आत लपवूही नका.

पाइप

आतल्या केबलसाठी २५ मिमी बाहेरील व्यासाचा, मध्यम किंवा जड जाडीचा पीव्हीसी पाइप घ्या. पाइप त्याच्या आतल्या क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांपर्यंतच भरायचा असतो, नाहीतर केबल अडकते आणि ओढताना सोलते. कॅट ६ ही लॅन केबलची एक प्रत (प्रतींबद्दल पुढे) साधारण ६ मिमी जाड असते. कागदावर २५ मिमीच्या पाइपात पाच बसतात, पण वळणं धरून तीनच टाका, फार तर चार. कॅट ६ए साधारण साडेसात मिमीची असते, त्या दोनच टाका. २० मिमीच्या पाइपात कॅट ६ दोन.

दोन बॉक्सच्या मध्ये ९० अंशांची वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. तिसरं आलंच, तर मध्ये झाकणाचा ओढ-बॉक्स द्या, आणि ते झाकण प्लास्टरखाली बुजवू देऊ नका. वळणाला मोठ्या त्रिज्येचा बेंड वापरा. टोकदार एल्बो वापरला, की त्यातून केबल वळतच नाही. केबलच्या वळणाची त्रिज्या तिच्या जाडीच्या चौपट तरी हवी, म्हणजे कॅट ६ ला साधारण २५ मिमी. केबलच्या आत दोन-दोन तारा पिळून केलेल्या चार जोड्या असतात. त्यापेक्षा घट्ट वाकवली, की त्या जोड्यांची पिळाची जागा बदलते आणि वेग घसरतो. वरून ती केबल अगदी ठीक दिसते, म्हणून दोष सापडायला फार वेळ जातो.

खालून वरच्या मजल्यावर जाणारे ५० मिमीचे दोन पाइप टाका आणि त्यातला एक पूर्ण मोकळा ठेवा. पुढे फायबर टाकायची वेळ आली, तर त्यातूनच जाईल.

पाइपासाठी खाच (झिरी) मारताना भिंतीची जाडी बघा. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी, हा बांधकामातला जुना नियम आहे. १०० मिमीच्या भिंतीत आडवी खाच फार तर १७ मिमी खोल मारता येते, म्हणजे २५ मिमीचा पाइप आडवा त्यात बसतच नाही. तिथे पाइप छतातून आणा आणि सरळ उभा खाली उतरवा. अशा पातळ भिंतीत दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी खाचा मारल्या तर भिंतीला तिथे जवळपास काही उरत नाही, म्हणून दोन खोल्यांचे पाठीला पाठ लागलेले बॉक्स हातभर सरकवून घ्या. तुळई आणि खांब कापायचे नाहीत. तुळईत भोक पाडणं अटळ वाटलं, तर आधी बांधकामाच्या इंजिनिअरला विचारा. खाचेत पाइप बसल्यावर त्याच्या पाठीवर किमान १२ मिमी प्लास्टर यायला हवं आणि खाचेवर जाळी मारायला हवी. जाळी टाळली तर वर्षभरात पाइपाच्या रेषेत बारीक तडा दिसतो.

विजेच्या पाइपांपासून समांतर जाताना ३० सेंमी अंतर ठेवा. ओलांडायचं झालं तर काटकोनात ओलांडा. पिळाच्या जोड्यांमुळे लॅनवर विजेच्या तारांचा त्रास लोक समजतात तेवढा होत नाही, पण एकाच पाइपात किंवा एकाच बॉक्समध्ये दोन्ही कधीही टाकू नका. हा सुरक्षेचा प्रश्न आहे. विजेच्या तारेचं आवरण सोललं, तर ती वीज लॅनच्या तारेतून तुमच्या हातातल्या लॅपटॉपपर्यंत येऊ शकते. "जागा नाही, एकाच पाइपातून घेतो" असं कोणी म्हणालं तर काम तिथेच थांबवा.

आता गवंडीकामाशी संबंध येतो तो भाग. बॉक्समधलं पाइपाचं उघडं तोंड प्लास्टरच्या दिवशी मसाल्यानं भरतं. ओला मसाला पाइपात हातभर आत घरंगळतो आणि दोन दिवसांत दगड होतो. पाइप गेला. म्हणून प्रत्येक तोंडात कागदाचा किंवा कापडाचा घट्ट बोळा घाला, वर चिकटपट्टी लावा आणि बॉक्स थर्माकोलच्या तुकड्यानं भरून टाका. पाइपांचे सांधे नुसते एकमेकांत खुपसून ठेवलेले असतात, तेही बघा. प्रत्येक सांध्याला सोल्युशन लागलं पाहिजे, नाहीतर प्लास्टर करताना थापीचा धक्का लागून सांधा सरकतो आणि केबल ओढताना नेमकी तिथे अडते. पाइप टाकून झाल्यावर, प्लास्टरच्या आधी, प्रत्येक पाइपातून नायलॉनची दोरी आरपार घालून दोन्ही टोकं बॉक्समध्ये बांधून ठेवा. दोरी घालायची सोपी युक्ती: दोरीच्या टोकाला प्लास्टिक पिशवीचा छोटासा फुगीर तुकडा बांधा आणि दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावा. दोरी आलीच नाही, तर पाइप कुठेतरी बंद आहे हे प्लास्टरच्या आधीच कळतं.

मग फोटो काढा. प्रत्येक भिंतीचा, मोजपट्टी भिंतीला लावून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनची अंतरं वाचता येतील असा. पुढे फ्रेम लावायला ड्रिल मारायची वेळ येईल तेव्हा हाच फोटो उघडावा लागतो.

केबल

शुद्ध तांब्याची, २३ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप), कॅट ६, आवरणाच्या आत शिल्ड (धातूचं पातळ कवच) नसलेली. घरासाठी माझी शिफारस ही आहे. १ गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेग ती १०० मीटरपर्यंत नेते. १० गिगाबिट परिस्थितीनुसार ३७ ते ५५ मीटरपर्यंत जातं, आणि तुमच्या घरात एकही केबल एवढी लांब होणार नाही. कॅट ६ए १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर नेते, पण ती जाड आणि ताठ असते, पाइप मोठे लागतात आणि बॉक्समध्ये वळवताना बोटं दुखतात. शिल्ड असलेली घेतली, तर जॅक, पॅनेल सगळं शिल्डचं आणि कपाटात नीट अर्थिंग लागतं. अर्थिंगविना शिल्डचा उपयोग होत नाही. कॅट ७ च्या नावावर विकली जाणारी केबल घरासाठी विचारातच घेऊ नका. तिच्या मानकातले जोड साध्या आरजे४५ (लॅनचा नेहमीचा प्लग) पेक्षा वेगळे आहेत, त्यामुळे शेवटी साधाच जॅक बसवला जातो आणि केबलचे जास्तीचे पैसे वाया जातात. भिंतीत जुनी, चांगल्या स्थितीतली कॅट ५ई असेल तर ती उपटू नका. २०१६ च्या मानकानुसार त्याच केबलवर २.५ गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालतं.

खरा धोका सीसीए केबलचा आहे. यात ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. बाहेरून रंग तांब्याचा, खोक्यावर कॅट ६ छापलेलं, आणि किंमत बरीच कमी. ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या साधारण ६१ टक्के असते, त्यामुळे रोध वाढतो. पीओईवर कॅमेरा लावला, की लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले, की कॅमेरा बंद-चालू होऊ लागतो. केबल तापते. जॅकमध्ये दाबलेली तार कालांतरानं सैल होते किंवा तुटते. ओळखायला केबलचा वीतभर तुकडा घ्या, एक तार मोकळी करून ब्लेडनं खरवडा. मुलाम्याखाली चंदेरी दिसली तर खोकं परत करा. तांब्याची तार आतपर्यंत लालसरच असते. चार-पाच वेळा एकाच जागी मागेपुढे वाकवली, तर सीसीए लवकर तुटते. खोकं हाताला हलकंही लागतं.

किती लागेल? खोलीचं सरळ अंतर मोजून फसू नका. केबल कपाटातून वर २ मीटर चढते, छतातून ९ मीटर जाते, भिंतीतून अडीच मीटर खाली उतरते, कपाटात २ मीटर आणि बॉक्समध्ये ३० सेंमी शिल्लक ठेवायची असते. म्हणजे सात-आठ मीटरवर दिसणाऱ्या खोलीला १५.८ मीटर लागले. सरासरी १८ मीटर धरली, तर २१ केबलना ३७८ मीटर, आणि वाया जाणारी धरून ४१५ च्या आसपास. खोकं ३०५ मीटरचं येतं, म्हणून दोन खोकी. दोन खोक्यांचा दुसरा फायदा असा, की एका बॉक्सला जाणाऱ्या दोन्ही केबल एकदम ओढता येतात.

केबल केव्हा ओढायची? प्लास्टर वाळल्यावर, शेवटच्या रंगाच्या आधी. दोन माणसं लागतात. एक ओढतो, दुसरा खोक्यापाशी उभा राहून केबल हातानं पुढे सरकवतो आणि वेटोळ्याला गाठ पडू देत नाही. गाठ पडून केबल घडीसारखी मोडली, तर ती सरळ करून वापरू नका, तो तुकडा टाकून द्या. ओढण्याचा जोर ११ किलोच्या आत हवा. तेवढ्यानं आली नाही, तर ओढत राहण्यापेक्षा कुठे अडली ते शोधा. थोडी टाल्कम पावडर आवरणाला चोळली, की काम हलकं होतं. ओढण्यापूर्वीच दोन्ही टोकांना क्रमांक लिहा: टोकाजवळ एक आणि हातभर आत दुसरा, कारण जॅक बसवताना टोकाचा क्रमांक कापून जातो.

फॉल्स सीलिंगवरून जाणाऱ्या केबल पीओपीच्या पत्र्यावर मोकळ्या टाकून देऊ नका. स्लॅबला पाइप किंवा क्लिप लावून न्या. बांधायला वेल्क्रोच्या पट्ट्या वापरा. प्लास्टिकच्या झिप-टायनं करकचून आवळलं, की आतल्या जोड्या चेपतात.

बाहेरच्या केबल

कॅमेऱ्यांसाठी उन्हात टिकणारी, काळ्या पॉलिइथिलीनच्या आवरणाची केबल घ्या. आतली साधी केबल उन्हानं काही वर्षांत तडकते. पाइप भिंतीतून बाहेर येताना थोडा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा आणि केबलला बाहेर एक खालचा झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून ठिबकून पडेल. झोल नसेल तर पाणी केबलच्या कडेनं चालत घरात येतं. गॅरेज किंवा अंगणातली वेगळी खोली जोडायची असेल, तर तांब्याची केबल नको, फायबर टाका. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो आणि वीज जवळपास पडली तर तांब्याच्या केबलमधून झटका थेट स्विचपर्यंत येतो. फायबर काच असल्यानं हा प्रश्नच उरत नाही.

पीओईचा हिशोब आताच करून ठेवा. तीन ॲक्सेस पॉइंट १५ वॉटचे, म्हणजे ४५. चार कॅमेरे ८ वॉटचे, म्हणजे ३२. बेल ८. एकूण ८५. स्विचचा एकूण पीओई साठा १२० वॉट किंवा जास्त हवा. एका पोर्टची मर्यादाही बघा: २००३ च्या मानकात स्विच १५.४ वॉट देतो आणि उपकरणाला १२.९५ मिळतात. २००९ च्या मानकात ३० देतो आणि २५.५ मिळतात. मधला फरक केबल गिळते. १५ वॉट मागणारा ॲक्सेस पॉइंट जुन्या मानकाच्या पोर्टवर नीट चालणार नाही.

जॅक आणि तपासणी

जॅक बसवण्याचं काम रंग झाल्यावर करा. आधी बसवले, की पुट्टी आणि घासकामाची धूळ जॅकच्या सोनेरी पट्ट्यांवर बसते. भिंतीतल्या केबलला थेट प्लग लावू नका. भिंतीत एकसंध जाड तार असते, तिला कीस्टोन जॅक (भिंतीच्या प्लेटमध्ये बसणारा सॉकेट) बसवतात, आणि तिथून उपकरणापर्यंत तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली लवचिक केबल). अपवाद कॅमेरे आणि छतावरचे ॲक्सेस पॉइंट. तिथे थेट प्लग लावता येतो, पण तो एकसंध तारेसाठीचा असावा.

बाहेरचं आवरण ३-४ सेंमी सोला. ब्लेड पूर्ण दाबू नका, आवरणावर चरा पाडून वाकवलं की ते आपोआप सुटतं. आतल्या तारांवर ओरखडा दिसला तर कापून पुन्हा सोला. आता जोड्या जॅकच्या खाचांपर्यंत पिळासकट न्या आणि अगदी खाचेपाशीच पीळ सोडा, १३ मिमीपेक्षा जास्त नाही. पंच-डाउन टूलची (तार खाचेत दाबणाऱ्या हत्याराची) कापणारी धार बाहेरच्या बाजूला धरा, नाहीतर आत जाणारी तारच कापली जाते. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना टी५६८बी (ए आणि बी या दोन ठरलेल्या क्रमांपैकी बी) ठेवा. प्लगवर तो १ ते ८ असा येतो: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जॅकवर खाचांची मांडणी वेगळी असते, तिथे बाजूला छापलेल्या बी च्या रंगांप्रमाणे जा.

हा क्रम का पाळायचा? हिरवी जोडी ३ आणि ६ वर विभागलेली आहे. कोणी "जोडीला जोडी" म्हणून नारिंगी १-२, हिरवी ३-४, निळी ५-६, तपकिरी ७-८ अशी दोन्ही टोकांना बसवली, तर साध्या टेस्टरचे आठही दिवे क्रमानं लागतात आणि केबल उत्तीर्ण होते. प्रत्यक्षात ३ आणि ६ वर दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा आलेल्या असतात, पीळ निरुपयोगी होतो, आणि वेग कोसळतो किंवा जोडणी सारखी तुटते. म्हणून दिव्यांच्या टेस्टरवर थांबू नका. प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावा आणि जोडणी १ गिगाबिटवर येते का ते बघा. १०० एमबीपीएसवर आली, तर चारपैकी एखादी जोडी तुटलेली किंवा नीट दाबली न गेलेली आहे, कारण १०० ला दोनच जोड्या पुरतात आणि गिगाबिटला चारही लागतात. मग कपाटात दुसरा लॅपटॉप लावून दोघांमध्ये आयपर्फ३ (वेग मोजणारा प्रोग्रॅम) चालवा. ९४० एमबीपीएसच्या आसपास आकडा स्थिर राहिला, तर केबल नीट आहे. आकडा वरखाली होत असेल, तर जॅक पुन्हा बसवा. दोष बहुतेक वेळा टोकालाच असतो, आणि त्यासाठीच बॉक्समध्ये ३० सेंमी केबल शिल्लक ठेवायला सांगितलं होतं.

ही तपासणी इलेक्ट्रिशियनचा हिशोब चुकता करण्याआधी, त्याच्यासमोर, एकवीसच्या एकवीस पॉइंटांवर करा. निकाल पॅच पॅनेलच्या क्रमांकासह कागदावर उतरवून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.